मडमेच्या कागदांतलं नाव

आनंदीला 'मडम' या शब्दाचीच शिसारी होती. लग्न होऊन ती मालवणच्या दांडी वस्तीत आली आणि त्याच हंगामात ती परदेशी शास्त्रज्ञ, लुंडेल मडम, दर्यातलं शेवाळ अभ्यासायला किनाऱ्यावर उतरली. होडीसाठी बाईने निवडला कोण, तर गुणाजी, आनंदीचा नवाकोरा नवरा. सकाळी दोघं होडीतून जायची ती ऊन डोक्यावर आलं की परत. हंगाम संपला, मडम गेली, जगात मोठी झाली, पण गुणाजीच्या तोंडून काही गेली नाही. बांगडा तळला की, "मडमेक तिखट सोसायचां नाय." चहा दिला की, "मडम बिनसाखरेची चाय घेई." आनंदीचा नुसता जळफळाट. मडमेने जाताना दिलेल्या थर्मासात तिने रॉकेल भरून ठेवलं होतं, आणि त्याचं तिला आजतागायत जराही वाईट वाटलेलं नव्हतं.

अशी चाळीस वर्षं गेली. दोन हजार आठ साल उजाडलं. सून वर्षाली बाजारात इंटरनेटचं दुकान चालवायची. तिनेच घरी बातमी आणली, की मडम वारली आणि तिच्या विद्यापीठाने तिचे सगळे कागद, टिपणं इंटरनेटवर ठेवलीत, कुणीही शोधावीत.

गुणाजी ओटीवर जाळं विणत बसला होता. त्याची छाती ही फुगली. "माझां नाव आसतलांच त्यात. शोध गो चेडवा."

आनंदीने मनात म्हटलं, नाव असणार, ते ठीक. पण नावापुढे काय असणार? त्या दोघांत काही होतं का, हे तिने त्याला उभ्या जन्मात विचारलं नव्हतं. विचारलं आणि तो 'होय' म्हणाला तर? दुसऱ्या दिवशी मासळी आणायचं निमित्त करून ती तडक दुकानात गेली.

"कोणाचां नाव घालू, आई?" वर्षालीने मुद्दाम विचारलं.

"तूच घाल. माका घोवाचां नाव घेवक लावतंस, लाज नाय वाटणा?"

सासू नवऱ्याचं नाव तोंडाने घेणार नाही, हे वर्षालीला ठाऊकच होतं. तिने हसत 'गुणाजी' घातलं. काही नाही. स्पेलिंग उलटसुलट करून पाहिलं. तरी काही नाही. आता बाईने सुटकेचा श्वास सोडावा की नाही? छे! ती उलट भडकली. "हंगामभर राबलो तो, आणि मेलीन नाव सुदीक लिवल्यान नाय?"

"थांबा, मालवण घालून बघतंय." आता मात्र पानं उघडली. मडमेचं बारीक इंग्रजी अक्षर, शेजारी तेच टाईप केलेलं. वर्षाली वाचता वाचता पुढे झुकली आणि सासूसमोर तिच्या तोंडून शिवी निसटली, "आवशीचो घोव!" लगेच तिने जीभ चावली. "आई, ह्यां काय? पानोपान घोव!"

"कसलो घोव?"

"'घोव आज लवकर इलो.' 'घोव म्हणता, वारो फिरतलो.' 'घोव नसतो तर मी ह्या दर्यात बुडलंय असतंय.'"

आनंदीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या घोवाक ती घोव म्हणता? लेखी?" दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. वर्षालीने घाईघाईने पहिलं पान काढलं आणि हळू आवाजात मराठी करून सांगितलं. मडमेने लिहिलं होतं, होडीवाला लांब पाण्यात होता, म्हणून किनाऱ्यावर टोपली घेऊन उभ्या असलेल्या लाजऱ्या मुलीला त्याचं नाव विचारलं. ती म्हणाली, घोव.

आनंदीला तो दिवस आठवला. लाजरी मुलगी तीच. चार माणसांत नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं, म्हणून पदर तोंडाशी धरून म्हणाली होती, "माझो घोव तो." गोऱ्या बाईने तेच नाव समजून उतरवून घेतलं. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

मासळी न घेताच ती घरी आली आणि जाळ्यासमोर उभी राहिली. "ती तुमका घोव म्हणायची. तुमी ओ देयत होतात?"

गुणाजीचा हात थांबला. "देयत होतंय."

"खरां नाव सांगाक काय झालां होतां? दातखीळ बसली होती?"

"पैल्या दिवशी सांगूचां म्हटलंय. मगे नाय सांगलंय." तो खाली बघत म्हणाला, "बरां वाटायचां."

बरं वाटायचं! आनंदीचे डोळे भरून आले. "म्हणजे खरांच तां. ती तुमका आवडायची."

"तिचां खंय सांगतंय गो? तू त्या दिवशी सगळ्यांदेखत म्हटलंस, माझो घोव. माका लांब पाण्यात सुदीक आयकाक इलां. मगे परत कधी म्हटलंस? 'अहो' आणि 'आयकलात' ह्याच्यावर जल्म गेलो. ती हाक मारी, तेव्हा माका तुझोच आवाज आयकाक येय."

आनंदी मटकन जाळ्यावरच बसली. तिचा एक शब्द, आणि हंगामभर चाखला त्या बयेने! ती रडत होती की भांडत होती, तिचं तिलाच कळेना.

"माका सांगूचां तरी होतां," ती म्हणाली. "मी रोज म्हटलां असतां."