अक्काचे राजे

गाण्याआधी शेजारची अक्का मोठा खोकला काढायची, पदर खोचायची आणि म्हणायची, "ऐका, राजा ऊना," म्हणजे राजा आला.

जळगावच्या आमच्या गल्लीत तिच्या गाण्याशिवाय कुणाला हळद लागली नाही. तिच्या गाण्यांत नुसते राजेच. पण तुम्हाआम्हाला ठाऊक असलेले नव्हेत. एकही लढाईला जायचा नाही. एक बाजारात जाऊन वांगी विसरून यायचा, एकाला राणी पाणी भरायला लावायची, एक तर मांजराला भिऊन पलंगावर चढलेला. इतिहासात असे राजे कसे नाहीत, असं मी विचारलं, तर म्हणाली की लिहिणारे पुरुष असतील.

शेवटी ती नवरदेवालाच राजा करून एक प्रश्न घालायची. उत्तर आल्याखेरीज हळद नाही. राणी रुसली तर काय आणशील, असले प्रश्न. नवरदेव लाजत "जिलेबी" म्हणायचा, बायका खिदळायच्या.

माझ्या बहिणीचं लग्न धुळ्याला ठरलं. ती नर्स. धुळ्याच्या दवाखान्यात नोकरी मिळालेली आणि ती तिला जिवापाड हवी होती. सासरचे म्हणत, लग्नानंतर बघू. या 'बघू'चा अर्थ तुम्हालाही माहीत आहे. जमलेलं मोडू नये म्हणून आईने आम्हाला तोंड शिवून बसायला सांगितलं. अक्काला गप्प बस म्हणायची मात्र तिची छाती झाली नाही.

हळदीला वरपक्ष आमच्याकडेच मुक्कामी होता. अक्काने गाणं रंगात आणलं आणि नवरदेवाकडे वळली.

"राजा, तुन्ही राणी दवाखानामा जाई, मंग भाकर कोन करी?"

टाळ्या थांबल्या. विहीणबाईंनी मुलाकडे पाहिलं, आईने छताकडे. अक्का हळदीची वाटी मांडीवर घेऊन निवांत बसून राहिली.

मुलगा कानापर्यंत लाल झाला. "मी करसू," तो म्हणाला.

पोरींनी असा गलका केला की डीजेवाल्याला आपली वेळ झालीसं वाटलं आणि त्याने गाणंच लावलं. विहीणबाईंनाही हसू आवरेना. बहीण पुढच्याच महिन्यात कामावर रुजू झाली.

गेल्या वर्षी अक्का त्याच दवाखान्यात, बहिणीच्याच वॉर्डात होती. अन्न जात नव्हतं. माझा फार जीव होता तिच्यावर. ती आता घरी परत येणार नाही हे कळत होतं. ती गेली त्याच्या आदल्या दिवशी मेहुण्यांनी स्वतः थापलेली भाकरी आणली. अक्काने तुकडा मोडला, बराच वेळ चावला आणि त्यांच्याकडे बघून म्हणाली, "भाकर जाड शे, राजा."

आणि सगळी खाल्ली.