देवापुढचा डबा

पुण्याहून निघालो तेव्हा चूक नांदेडच्याच लोकांची असणार याची मला खात्री होती. माझा धंदाच तसा आहे. दातांत भरायचं सिमेंट बनवणारे छोटे कारखानदार माझ्याकडून परवान्याच्या फायली करून घेतात. वैद्यकीय वस्तूंचे धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे चार वर्ग. हे सिमेंट बी वर्गात. मग चाचण्या कोणत्या, कागद कोणते, हे मी पंख्याखाली बसून सांगतो. उंटावरून शेळ्या हाकायचे मला पैसे मिळतात.

गाडी नांदेडला अडीच तास उशिरा पोचली. स्टेशनवरच्या चहात साखर इतकी होती की दंतवैद्यांचा धंदा इथे का चालतो ते कळलं. रिक्षावाल्याने औद्योगिक वसाहतीत दोनदा चुकीच्या फाटकाशी नेलं आणि दोन्ही वेळा मलाच नीट पत्ता विचारून यायला सांगितलं.

कल्पनाबाईंचा कारखाना म्हणजे पत्र्याखालच्या तीन खोल्या. बाई रसायनशास्त्र शिकलेल्या. सगळं स्वतः उभं केलेलं. उदगीरच्या एका दंतवैद्याने तक्रार केली होती की त्यांचं सिमेंट आठवड्यात दातातून गळून पडतं. निरीक्षकाने त्याच्या बिलावरच्या बॅचचा सीलबंद नमुना सोमवारपर्यंत मागितला होता. नमुना नाही तर परवाना निलंबित आणि कारखान्याला कुलूप. तो दिवस शुक्रवार होता.

बाईंनी नमुन्यांचं कपाट उघडलं. आत एक झाडू होता.

"इस्लापूरच्या शाळेत दातांचं शिबिर होतं, सर," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांचं सिमेंट संपलं. लेकरं तोंड उघडून बसून राहिली होती. मी नमुने नेऊन दिले."

मी त्यांना अर्धा तास सुनावलं. बेजबाबदारपणा, मागासपणा, नियमांविषयीची तुच्छता, काही शिल्लक ठेवलं नाही. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. 'प्रत्येक बॅचचे नमुने स्वतंत्र कपाटात जतन केले जातात' हे वाक्य त्यांच्या फाईलीत मीच लिहिलं होतं. ते कपाट मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होतो, पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

ती सगळी बॅच लातूरच्या एकाच व्यापाऱ्याकडे गेली होती. मी दुपारची एसटी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर. दोन्हीकडे सोयाबीन आणि तूर, मध्ये खड्डे, आणि त्या खड्ड्यांतून जाताना कंडक्टर निवांत झोपलेला. अहमदपूरला सुशीला (चुरमुरे भिजवून फोडणीला टाकतात तो प्रकार) खाल्ला. नावं ठेवायला जागा शोधली, सापडली नाही, म्हणून आणखी एक बशी घेतली.

शनिवारी सकाळी लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या एका गल्लीत त्या व्यापाऱ्याचं, शिवप्पांचं, दुकान सापडलं. वडिलांची आडत (धान्याची दलाली पेढी) होती. शिवप्पांनी दंतवैद्यांचं सामान ठेवलं, पण बसायची गादी आणि डोकं दोन्ही आडतीचंच. बी वर्ग म्हणजे तुरीत असते तशी दुय्यम प्रत, असा त्यांचा समज होता. त्याहून वाईट म्हणजे डबे फोडून पूड ते लहान बाटल्यांत सुटी विकत. खेड्यातल्या डॉक्टरला सबंध डबा लागतो कुठं, हा त्यांचा सवाल. बाटलीवर ना बॅच, ना तारीख, आणि पावसाळ्याच्या हवेत उघडी राहिलेली पूड. उदगीरच्या दातांतलं सिमेंट का गळत होतं ते तिथेच समजलं. मी पुन्हा तोंड सोडलं. पण सिद्ध काय करणार? त्या बॅचचा एकही डबा न फोडलेला नव्हता.

मग माझं लक्ष गादीमागच्या देव्हाऱ्याकडे गेलं. पिंडीपुढे एक डबा होता, सीलबंद, लेबलवर विभूतीचे तीन पट्टे. पट्ट्यांखालून बॅचचा नंबर दिसत होता. तीच बॅच.

नव्या मालातली पहिली ओंजळ देवापुढं ठेवायची ही त्यांच्या आडतीतली रीत. सिमेंटची ओंजळ कशी ठेवणार, म्हणून पहिला डबा. पुढची बॅच आली की जुना डबा जंगमांच्या (लिंगायतांच्या पुरोहितांच्या) झोळीत. जंगमांनी दातांच्या सिमेंटचं काय करायचं, हे मी विचारलं नाही.

मी डबा मागितला. शिवप्पा नाही म्हणाले. देवाला दिलेलं परत घेत नाहीत. मी नियम सांगितला, कलम सांगितलं, आवाज चढवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"देवापुढं ठिवलं म्हंजी ठिवलं, साहेब," ते म्हणाले. "आमी एकदा बोललो की ती वस्तू तिथं असतीच. तुमच्या कागदाचं तसंच हाय न्हवं?"

कलमं बाजूला ठेवून मी त्यांना इस्लापूरच्या लेकरांची गोष्ट सांगितली, आणि बाईंच्या कारखान्याला कुलूप लागेल हेही. शिवप्पा उठले, हात धुतले, डब्याच्या जागी नारळ ठेवला आणि डबा दोन्ही हातांनी माझ्या ओंजळीत दिला.

सोमवारी निरीक्षकाने सील तपासून डबा घेतला. लेबलवर पांढरं काय आहे, असं विचारलं. मी 'साठवणुकीची खूण' असं लिहून दिलं. हात सवयीने चालला.

सिमेंट उत्तम निघालं. बाईंचा परवाना राहिला. त्या आता खेड्यांसाठी लहान डबे भरतात आणि शिवप्पांनी सुटी पूड बंद केली. यातल्या कशालाही माझा हात लागलेला नाही.

पुण्याला परतलो आणि कपाटातल्या जुन्या फायली काढल्या. नमुने जतन केल्याचं तेच वाक्य प्रत्येकीत होतं, स्वल्पविरामासकट. लाज वाटली. वरच्या फाईलीतल्या कारखानदाराला फोन लावला आणि विचारलं, तुमच्याकडे नमुने ठेवलेले आहेत ना?

"असतील की," तो म्हणाला. "तुम्हीच तर लिहिलंय."