तपासणीच्या गाद्या

गादीवाल्याच्या अंगावर कापूस कायमचा वस्तीला असे. भुवयांवर, मिशीत, कानांच्या पाळ्यांवर. लांबून वाटावं माणूस अवेळी पिकला. जवळ आल्यावर कळावं, की वय नव्हे, काम चढलंय अंगावर. गल्लीतल्या बाया त्याला ‘म्हातारी’ म्हणत. वाऱ्यावर पांढरं बी तरंगत येतं ना, ती म्हातारी. “आली बघा उडत,” म्हणून हसत. तोही हसे आणि मिशी झटकून त्यांच्याच अंगणात कापूस सांडून जाई.

त्याला वाढवलं मोठ्या बहिणीनं. आई गेली तेव्हा हा पाळण्यात होता. अक्कानं लग्नाचं नाव काढलं नाही. मांडीवर याला आणि सुपात कापूस घेऊन तिनं उभं आयुष्य सरकी काढण्यात घालवलं. दाभण धरायला तिनंच त्याला शिकवलं. टाका असा घाल, ती सांगे, की निजणाऱ्याला तो कुठं आहे ते कळता कामा नये.

उतारवयात अक्काचे पाय गेले, आणि पाठोपाठ छाती वाजू लागली. घर म्हणजे एकच खोली. तिथंच दुकान, तिथंच चूल, तिथंच कापसाचा ढीग. डॉक्टर म्हणाले, “या धुळीत ठेवलंत तर बाईला गमावून बसाल.” धूळ थांबवायची तर धंदा थांबायचा, आणि धंदा थांबला तर दोघांनी खायचं काय?

तेव्हा त्याला शहराच्या कडेचा वृद्धाश्रम आठवला. दानशूर लोकांनी काढलेली संस्था. दारात संगमरवरी पाटी, तिच्यावर दात्यांची नावं. तिथल्या गाद्या यानंच भरलेल्या. दरवर्षी सरकारी तपासणीआधी बोलावणं येई. कोठीच्या दाराशी गाद्या रचलेल्या असत. हा त्या उन्हात घाली, काठीनं झोडपून फुगवी, खोळींचे टाके आवळी आणि घरी येई. इतक्या वर्षांत एक गादी बसली नाही, एकीला डाग पडला नाही. याची छाती फुगे. “माझा टाका आहे,” तो सांगे, “बसेल कशी?”

गादीवरून घर पारखणारा माणूस तो. ज्या घरी गाद्या अशा राहतात, तिथं माणसांनाही जपत असतील, असा त्यानं हिशेब केला आणि अक्काला तिथं नेऊन ठेवलं.

पहिल्यांदा भेटायला गेला तेव्हा अक्का लोखंडी खाटेवर, फळीवर पसरलेल्या चटईवर पडली होती. सगळ्याच खाटांवर चटया होत्या. अक्काच्या पाठीला लाल चट्टे उठले होते. त्याला आधी काही उमगेना. मग उमगलं, आणि तो खाटेच्या कडेवर मटकन बसला. गाद्या बसल्या नव्हत्या, कारण त्यांवर कुणी निजलंच नव्हतं.

व्यवस्थापक बाईंना त्यानं विचारलं. त्या रागावल्या नाहीत. “म्हातारी माणसं अंथरूण ओलं करतात, दादा. दात्यांची वस्तू ती. आम्ही नुसते विश्वस्त. जपायला नको?”

मग त्यानं घरचा उत्तम कापूस घातला, अक्कापुरती गादी शिवली आणि खांद्यावर टाकून घेऊन गेला. फाटकाशी त्याचा फोटो काढला, आभार मानले, आणि गादी कोठीत गेली. आत आलेली वस्तू संस्थेची, असा नियम होता. अक्काची पाठ आता चिघळली होती.

तो सरकारी कचेरीत गेला. तपासनीस साधा माणूस निघाला, झोप न झालेल्या डोळ्यांचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं.

“मला ठाऊक नाही होय?” तो म्हणाला. “उशा नव्या, चादरींच्या घड्या तशाच. पण आधी कळवल्याशिवाय जायचं नाही, असा हुकूम आहे. तक्रार आली की आधी खुलासा मागायचा.”

“कुणाकडून?”

“संस्थेकडून.”

“म्हणजे चोरालाच विचारायचं, बाबा रे, चोरी झाली का?”

तपासनीस कसनुसं हसला. “साहेब लोकांनी दोनच गोष्टी दिल्यात माझ्या हातात. बरं चाललंय असा शेरा, नाहीतर कुलूप. सुधारून घे म्हणायची सोय नाही.” मग हळूच म्हणाला, “तिथं राहणाऱ्या कुणी तोंडानं सांगितलं, तर बघता येईल. तुमची बहीण बोलेल?”

“माझी अक्का कुणाला भीत नाही,” गादीवाला म्हणाला.

अक्कानं ऐकून मान हलवली. “बोलेन की. दात पडलेत, जीभ आहे.”

तपासणीच्या दिवशी यानंच गाद्या झोडपल्या, यानंच अंथरल्या. या खेपेला घरी गेला नाही. खांबाशी उभा राहिला. अक्काला उचलून गादीवर ठेवलं तेव्हा तिनं डोळे मिटले, आणि तिच्या घशातून असा एक आवाज आला, की त्याला दुसरीकडे बघावं लागलं.

तपासनीस आला. बरोबर अध्यक्ष, बाई, फोटोवाला. तो नेमका अक्काच्या खाटेशी थांबला. “आजी, ही गादी रोज असते का?”

अक्कानं भावाकडे पाहिलं नाही. “असते की,” ती म्हणाली. “माझ्या भावानं भरलेली. झोप अशी लागते, की सकाळी उठवावं लागतं.”

सगळे हसले. तपासनीसानं क्षणभर गादीवाल्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि पुढच्या खाटेकडे वळला.

गाडी फाटकाबाहेर पडली. सेवक आले आणि पहिल्या खाटेवरची गादी त्यांनी हिसक्यानं ओढली. तिच्यावरची म्हातारी फळीवर आपटली, कण्हली. ते काम उरकत पुढं निघाले.

गादीवाला अक्काजवळ आला. “का गं?”

“बाई सकाळी वेणी घालायला आल्या होत्या,” अक्का म्हणाली. “कधी येत नाहीत. म्हणाल्या, तू खरं बोललीस तर कुलूप लागेल. मग या सगळ्या कुठं जातील? पलीकडच्या खाटेवरचीच्या लेकानं तर इथं पत्ताही खोटा दिलाय.” ती थांबली; छाती वाजली. “आणि मी तुझ्याकडे आले, तर तू धंदा सोडशील. ओळखते तुला.”

“पण पाठ, अक्का...”

“पाठ काय, माझीच आहे.”

सेवक शेजारच्या खाटेशी पोचले होते. अक्कानं त्याचं मनगट धरलं. सरकी काढून काढून कडक झालेली ती बोटं अजून तशीच होती.

“तू काढ,” ती म्हणाली. “ते ओढतात. तुझा हात मला ठाऊक आहे.”

त्यानं एक हात तिच्या मानेखाली घातला, एक गुडघ्यांखाली. लहानपणी ती त्याला उचले तसं उचललं, आणि गादी पायानंच हळूहळू बाजूला सारली. मग तिला चटईवर ठेवलं. गादीत तिच्या अंगाचा खळगा पडला होता, पहिलाच. कोठीत रचण्याआधी त्यानं, सवयीनं, तो हातानं झोडपून सारखा केला.