भरमाप्पाची उलटी पैज

भरमाप्पा जन्मात दोनच पैजा जिंकला. बाकीच्या किती हरला ते मोजायला बसण्यात अर्थ नाही. कुस्तीच्या मैदानाला निघताना तरीही त्याच्या अंगात जे वारं शिरायचं, ते बघून मला चीड यायची. मी शाळामास्तर, पैजा वाईट असं पोरांना शिकवणारा. मैदान मात्र मीही कधी चुकवलं नाही, तेव्हा फार तोंड वर करून बोलत नाही.

आम्ही चौघं दोस्त. भरमाप्पा गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी आणायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ पेला हातात द्यायचा. गणपतरावाचं राजारामपुरीत सायकलचं दुकान होतं आणि तोंडाला कुलूप नव्हतं. रुद्रय्या जंगम, लिंगायत घरांतली लग्नं आणि मर्तिकं बघणारा, अगदीच कमी बोलणारा. चौथा मी.

आमची पैज पैशाची नसे, फेट्याची असे. पैलवानांची जोड लाल मातीच्या हौद्याभोवती फिरवायला आणली की पैज लावणाऱ्यानं उभं राहायचं, डोक्यावरचा फेटा उचलून दोन्ही हातांनी वर धरायचा आणि आपल्या पैलवानाचं नाव मैदानभर ऐकू जाईल असं ओरडायचं. मनातल्या मनात लावलेली पैज आमच्यात चालत नसे. हरणाऱ्यानं आपला फेटा जिंकणाऱ्याच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं बांधायचा. भरमाप्पा बोडक्या डोक्यानं घरी जायचा, आणि त्याची बायको शिवम्मा दारातूनच निकाल ओळखायची.

"भरमानं नाव घेतलं की पैलवान आडवा," असं गणपतरावानं सगळ्या पेठेत करून ठेवलं होतं. पैलवान कट्ट्यावर दूध प्यायला यायचे आणि जाताना हात जोडायचे, "आप्पा, उद्या माझं नाव घेऊ नका बरं का." भरमाप्पा हसायचा. पण त्याला ते मनातून पटत चाललं होतं, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

बसगोंडा हा त्याचा एकुलता पोरगा. चांगल्या म्हशीची पहिली धार त्याची, मग गिऱ्हाइकाची. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो तालमीत होता. अडुसष्ट सालच्या माघात मैदानाच्या पायऱ्यांची डागडुजी झाली, नवे दिवे लागले आणि पहिल्याच संध्याकाळी बसगोंडाची मोठी कुस्ती ठरली. समोर गारगोटीकडचा आकाराम, वयानं आणि वजनानं थोरला.

त्या संध्याकाळी आम्ही नवीन पायरीवर चौघं ओळीनं बसलो होतो. भेळेचे कागद मांडीवर, हलगी कडकडत होती. भरमाप्पानं मात्र भेळेला हात लावला नव्हता.

"मास्तर, मी नाव घेतो त्यो पडतो. व्हय का न्हाय?" त्यानं मला विचारलं.

मी 'योगायोग' असलं काहीतरी पुस्तकी बोललो.

"व्हय की!" गणपतराव खिदळला. "आज गप बस हां भरमा. पोराचं नाव घेशील, घात करशील."

तेवढ्यात जोड आली. पंचानं दोघांचे हात धरून त्यांना हौद्याभोवती फिरवायला सुरुवात केली. बसगोंडा आमच्या समोर आला आणि भरमाप्पा ताडकन उठला. फेटा वर धरला आणि ओरडला, "आकाराम! माझा फेटा आकारामवर!"

मला क्षणभर काही कळलंच नाही. मग कळलं, आकाराम पडावा म्हणूनच त्यानं त्याचं नाव घेतलं होतं. बसगोंडानं बापाकडं पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. बाजारात बोट सुटलेलं पोर बघतं, तसं पाहिलं त्यानं.

कुस्ती लागली. पोरानं काय ताकद लावली! आकारामाला खाली घेतलं, मानेवर पकड बसवली, आता उलटवणार म्हणून सगळं मैदान उभं राहिलं. पण भरमाप्पा थांबेना. पैज अर्धीमुर्धी लागली तर फळणार नाही, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. फेटा तसाच वर आणि घसा फोडून चाललेलं, "आकाराम! आकाराम!" डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. बसगोंडानं हौद्यातून एकदाच आमच्याकडं मान वळवली. पकड सैल झाली, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तो पाठीवर होता.

भरमाप्पा पहिल्यांदा पैज जिंकला. गणपतरावानं बसगोंडाचं नाव घेतलं होतं, म्हणून तो मुकाट्यानं आपला फेटा घेऊन पुढं आला. भरमाप्पानं त्याचा हात झिडकारला आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

बसगोंडा घरी आला नाही. कबनूरला जाऊन यंत्रमागावर कामाला लागला. परत कुस्तीची लांग चढवली नाही. दिवाळीला यायचा, आईशी बोलायचा. बाप तांब्याभर दूध पुढं ठेवायचा. तो तांब्या उचलून आईच्या हातात द्यायचा.

मला राहवेना. मी कबनूरला गेलो आणि मागांच्या खडखडाटात त्याच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं, तुझ्याचसाठी उलटी पैज लावली होती म्हणून.

"ठावं हाय, मास्तर," तो म्हणाला. "मला तवाच कळलं हुतं. पर बापाला त्येचं नशीब माझ्या मनगटापरास मोठं वाटलं. धा-बारा वर्सं दूध पाजलं, आन् भरवसा ठेवला त्यो पनवतीवर."

मी परत आलो. भरमाप्पानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हशीखाली जाऊन बसला. त्यानंतर मैदानाचं नाव त्यानं काढलं नाही. आमच्या चौघांच्या संध्याकाळी तिथंच संपल्या. गणपतरावाची चेष्टासुद्धा हळूहळू आटली.

एक्याऐंशीत भरमाप्पाच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात खाटेवर हाडं तेवढी उरली होती. आम्ही बसलो होतो, शिवम्मा पायाशी होती, आणि दारात बसगोंडा येऊन उभा राहिला. केस पिकायला लागलेले, डोक्यावर कोरा गुलाबी फेटा. मागावर काम करणारा फेटा कशाला बांधेल? मी चमकलोच.

तो खाटेजवळ आला. फेटा उचलून दोन्ही हातांनी वर धरला आणि वॉर्ड दणाणेल असा ओरडला, "भरमाप्पा! माझा फेटा भरमाप्पावर! घरला येणार त्यो!"

नर्स धावत आली, गणपतरावानं तिला हात जोडून थोपवलं. भरमाप्पानं पोराकडं बघितलं. मग त्याच्या ओठांवर हसू आलं.

"एकट्यानं पैज हुती व्हय? समोर कोण तर पायजे की." त्याला धाप लागली. "म्या उलटी लावतो. न्हाय येत घरला. आता तरी हरू दे मला देवा. ह्या बारीला हरायचंच हाय."

बसगोंडानं दुधाचा पेला मागितला. अर्धा बापाला चमच्यानं पाजला, उरलेला आपण प्याला. शिवम्मानं पदर तोंडात कोंबला. मी खिडकीबाहेर बघत बसलो, कारण मला रडताना बघितलं तर गणपतराव जन्मभर चिडवेल अशी भीती वाटली. बघतो तर तोच रडत होता.

चौथ्या दिवशी पहाटे भरमाप्पा गेला. दुसरी पैज जिंकला.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणं रुद्रय्यानं त्याला अंगणात बसतं केलं, कपाळाला भस्म लावलं, गळ्यातलं लिंग हातात दिलं. आता डोक्याला काय, म्हणून कुणीतरी घरातून फेटा आणायला निघालं. रुद्रय्यानं हातानं थांबवलं आणि बसगोंडाकडं बघितलं.

हरणाऱ्यानं स्वतःच्या हातानं बांधायचा असतो. बसगोंडानं डोक्यावरचा गुलाबी फेटा उलगडला आणि बापाच्या डोक्यावर बांधला. या वेळी भरमाप्पानं हात झिडकारला नाही.