पापडांचं ॲप

जळगावला एम.टेक. करताना आमच्या सरांनी एकच धोशा लावला होता: आधी माणसांना विचारा, मग कोड लिहा. मी नुसती मान डोलवायची. अहो, प्रोजेक्ट अमळनेरच्या माझ्याच गल्लीवर. तिथल्या बायकांना नव्यानं काय विचारायचं? उन्हाळ्यात आमच्याकडे उडदाचे पापड रोज एकीच्या घरी होतात आणि बाकीच्या जणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन लाटायला जातात. मात्र बोलावणं आल्याशिवाय कुणी जात नाही. दारोदार फिरून करायचं ते बोलावणं मोबाइलवर पोचवायचं, एवढंच माझं सॉफ्टवेअर.

सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतले, तारखा लावल्या. पहिला दिवस आमच्याच घरी. नऊ जणी अगदी वेळेवर हजर! मी अशी काही फुशारले की विचारू नका. सरांना फोटो पाठवणार, तेवढ्यात आईनं विचारलं, "समोरची अक्का कुठे?"

समोरच्या अक्कांचे यजमान जाऊन अडीच महिने झाले होते. घरात आता त्या एकट्याच. तेव्हापासून त्यांनी बाहेर पाऊल टाकलं नव्हतं, आणि पापडांच्या निमित्तानं तरी टाकतील म्हणून आई दिवस मोजत होती. मी घाईघाईनं यादी उघडली. दुःखाच्या वर्षी घरी पापड करत नाहीत, म्हणून अक्कांनी फॉर्ममध्ये तारखेची जागा रिकामी सोडली होती. आणि मी शहाणीनं कोडमध्ये लिहून ठेवलं होतं, तारीख नसेल तर नाव गाळायचं. त्यांना बोलावणं गेलंच नव्हतं.

"तिना घर पापड नही, म्हणीसन ती बी नही का?" आई कडाडली. रागावली की ती अहिराणीवरच येते.

मी पिठाच्या हातांनी तशीच पळाले. अक्का दारातच बसल्या होत्या, धुतलेलं पोळपाट मांडीवर घेऊन.

"मला वाटलं, यंदा मला बोलवायचं नाही असं ठरलं तुमचं," त्या म्हणाल्या.

"ठरलं-बिरलं काही नाही हो अक्का. मीच गाढव. चला बघू तुम्ही." बोलता बोलता मला रडूच फुटलं.

त्या उठल्या. कुलूप काही केल्या सापडेना. दोघींनी मिळून शोधलं, तर देवघराच्या फळीवर धूळ खात पडलेलं. यजमान गेल्यापासून ते दाराला लागलंच नव्हतं.