वेवजीचा धूर

पुण्यातल्या एका संस्थेत मी पीएचडीसाठी संगणकावर हवेचं गणित मांडत असे. धूर कुठून उठतो, किती वर चढतो, आणि त्यातली काजळी वाऱ्याबरोबर उत्तर ध्रुवाकडच्या बर्फापर्यंत पोचते का, हे शोधायचं. त्यासाठी सारी पृथ्वी चौकोनांत वाटलेली होती. आमचं डहाणू, तलासरी आणि चिंचणीचा समुद्र मिळून एकच चौकोन. त्याच्या तक्त्यात कारखाने होते, हायवेवरचे ट्रक होते, सगळ्या चुली मिळून एक आकडा होता. राब मात्र नव्हता. भात पेरण्याआधी रोपांच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, तो राब. तो नेमका कधी पेटतो हे विचारायला मी एका उन्हाळ्यात तलासरीजवळच्या वेवजी गावात मावशीकडे गेले. वडील डहाणूला शिक्षक, आम्ही तिथेच वाढलो. पण शाळेची प्रत्येक सुट्टी या थोरल्या मावशीकडे जायची.

ती राब पेटवायलाच निघाली होती. मी वेळ लिहिली, पाला किती, शेण किती ते लिहिलं. धूर अंगावर आला तशी ती खोकत बांधावर बसली. खोकला थांबेना. मी पाणी दिलं. दम परत आल्यावर तिने विचारलं,

"हे कशाला लिहितेस, बाय?"

मी सांगितलं. पार उत्तरेला बर्फावर काजळी पडली की बर्फ काळवंडतो, ऊन जास्त ओढून घेतो, लवकर वितळतो.

"म्हणजे आमच्यामुळे?"

"तुझा वाटा नखाएवढाही नाही गं."

"पण आहे."

मी वही मिटून पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी तिला डहाणूला डॉक्टरांकडे नेलं.

"विडी ओढता का, आजी?"

"नाय ओ."

"चूल?"

"ती तर मी सात-आठ वर्षांची होते तेव्हापासून."

फुफ्फुसं थकली आहेत, म्हणाले. औषधाचा पंप दिला, स्वयंपाक गॅसवर करायला सांगितलं. गॅस तिच्या घरी होता, पाहुण्यांच्या चहापुरता पेटायचा. आदल्याच संध्याकाळी मी चुलीपाशी बसून डोळे चोळत तिच्या भाकऱ्या खाल्ल्या होत्या, आणि वही पिशवीतून बाहेरही काढली नव्हती.

हिवाळ्यात गणिताचं उत्तर आलं. मावशीनेच फोनवर विचारलं, "आपला धूर पोचला का तिथे?"

"पोचला. अगदी थोडा."

"आणि बाकीचा?"

"समुद्रात पडतो, पावसाबरोबर खाली येतो. काही इथेच राहतो."

मग म्हणाली, "इथे राहिलेला मला ठाऊक आहे."

पुढचा पावसाळा संपता संपता ती गेली. शेवटचे आठ दिवस तिला आडवं पडता येत नव्हतं. भिंतीला टेकून बसायची, मी पाठीवरून हात फिरवायचे. धुराबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही.

काम मी सोडलं नाही. प्रबंधात राबाचे दिवस आता बरोबर आहेत. आभारांच्या पानावर मी लिहिलं, 'वेवजीच्या एक शेतकरी बाई'. मार्गदर्शकांनी विचारलं, "नाव का नाही?" मी म्हटलं, नाव घातलं की ते पान मला वाचता येणार नाही.