एकास एक

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते फोनमधल्या गुड मॉर्निंगसारखे असतात; सकाळी पुसावेत, संध्याकाळी परत तेवढेच. माझ्याकडे तर दुप्पट साठतात, कारण आमच्या ग्रुपवर प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू लागते. नसली तर शोधून आणावी लागते.

ग्रुपचं नाव 'समतोल'. महाड-पोलादपूरमधली देव मानणारी आणि न मानणारी माणसं एकमेकांना शिव्या न देता वाद घालतील, ही कल्पना. कल्पना गुरुजींची. गुरुजी म्हणजे महाडजवळच्या नाते गावातले रिटायर हेडमास्तर. नोकरीभर वर्गात एकालाही तोंड उघडू दिलं नाही, रिटायर झाल्यावर यांना चर्चेचं वेड लागलं. मी बी.एस्सी. अर्धी सोडलेली, पोलादपूरला मोबाईलच्या दुकानात कामाला. "तुला तसंही काही काम नाही," म्हणून गुरुजींनी मला ॲडमिन केलं.

नियम एकच. एकास एक. सगळ्यांनी मेसेज माझ्याकडे पाठवायचे. मी एक श्रद्धावानांचा टाकायचा, मग एक चिकित्सकांचा. एका बाजूकडे माल नसेल तर दुसरीने थांबायचं. गिरणीत दळणाचे डबे लावतात तसे लोक नंबर लावून बसायचे.

याच नियमापायी आमच्या गावकीने आमचं घर वाळीत टाकलं. गाव कुडपणच्या बाजूला. नाव सांगत नाही, गावात सध्या आमचंही कोणी घेत नाही. मला त्याचं काही नव्हतं. पण आईचा नवस होता. बहिणीचं मूल जगत नव्हतं, आईने देवीला बोलून ठेवलेलं: मूल जगू दे, शिमग्याला तुझी पालखी दारात आली की तुझी ओटी भरीन. मूल जगलं. आता पालखी दारात येणार की नाही, एवढंच उरलं होतं.

*

पण सुरुवातीपासून सांगतो. पावसाळ्यात आंबेनळी घाटात दरड आली. एका टेम्पोवाल्याने फोटो पाठवला, रस्ता बंद, कोणी येऊ नका. मी टाकणार तेवढ्यात गुरुजींचा फोन.

"थांब. ही पोस्ट कोणाची धरायची?"

"दरडीची," मी म्हटलं.

"नुसती टाकू नकोस. पायंडा पडतो."

मग श्रद्धावानांकडून आलं की घाटातला देवीचा दगड कोणीतरी हलवला, ती कोपली. चिकित्सकांकडून आलं की डोंगर पोखरला की तो खाली येतोच, त्यात देवी कुठून आली. दोन्ही टाकलं. दिवसभर झकास चर्चा. गुरुजी खूश.

संध्याकाळी महाडच्या एका भाजीवाल्याचा फोन आला. "दादा, देवी कोपली ते समजलं. डोंगर पोखरला ते पण समजलं. रस्ता चालू हाय का बंद?"

*

प्रशांत माझा कॉलेजचा दोस्त, महाडचा. त्याने डिग्री पुरी केली, मी सोडली. आज तो कुरिअर वाटतो, मी स्क्रीनगार्ड चिकटवतो. शिक्षणाचा फरक एवढाच. दरडीच्याही आधी, बुद्धपौर्णिमेला, त्याने विहारातल्या वंदनेचा फोटो पाठवला. श्रद्धावानांचा नंबर होता, मी टाकला. गुरुजी थेट दुकानात आले. प्रशांत तिथेच चहा पीत बसलेला.

"वंदना म्हणजे श्रद्धा झाली," गुरुजी त्याला म्हणाले. "पण तुझं नाव मी चिकित्सकांत धरलंय."

"कोणाला विचारून, सर?"

"अरे, तुमची माणसं चिकित्सकच असतात ना. कौतुकाने धरलंय."

"मग एक दिवस तिकडे घ्या."

गुरुजींनी चष्मा पुसला. "तिकडे घेतलं तर तिकडचे काय म्हणतील? समजून घे. ग्रुपचा तोल जाईल."

प्रशांतने कप खाली ठेवला. "तोल तुमचा जाणार, सर, आणि पडायचं आम्ही."

फोटो ग्रुपवरून काढला. गुरुजींनी काढायला लावला आणि जाताना चहाचे पैसेही प्रशांतलाच द्यायला लावले.

*

नवरात्रात चिकित्सकांच्या बाजूने एक प्रश्न आला: 'शिमग्याला पालखी कोणाच्या दारात थांबायची, हे देवी ठरवते की गावकी?' पाठवणारे महाडचे एक वकील. चिकित्सकांचे पुढारी तेच. नंबर त्यांचा होता, मी टाकला. पण ग्रुपवर वर नाव दिसतं ते टाकणाऱ्याचं. म्हणजे माझं.

तासाभरात तात्यांचा फोन. तात्या माझे सख्खे चुलते आणि गावकीचे अध्यक्ष. ग्रुपवर श्रद्धावानांचा निम्मा माल यांचाच.

"आपल्या देवीवर बोट ठेवतोस?"

"तात्या, पोस्ट माझी नाय. त्यांचा नंबर होता."

"आता तुझा नंबर लागला," तात्या म्हणाले.

दसऱ्याला देवळात बैठक झाली. आमचं घर वाळीत. वाळीत म्हणजे कोणी मारत नाही. फक्त कोणी बोलत नाही, आणि जो बोलेल त्याला गावकीचा दंड.

मी वकिलांकडे गेलो. म्हटलं, पोस्ट तुमची होती, एवढं फक्त ग्रुपवर सांगा. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पंखा लावला आणि म्हणाले, "नाव महत्त्वाचं नसतं रे. विचार महत्त्वाचा असतो."

गुरुजींकडे गेलो. ते म्हणाले, "मी बोललो तर एक बाजू घेतल्यासारखं होईल."

मुंबईला बापाला फोन केला. तो एका सोसायटीत वॉचमन आहे. तो म्हणाला, "मला कशाला मधी घेता? माझी ड्युटी हाय." दुसऱ्यांच्या दारावर पहारा ठेवायचा पगार मिळतो त्याला. स्वतःच्या दाराचं कोण देतं.

*

आमच्या शेजारी एक काकी राहतात. आई आणि त्या एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या. वाळीत पडल्यावर त्यांना आईशी बोलायची बंदी. म्हणून त्या शेळीशी बोलायला लागल्या.

"काय गो शेळे, उद्या नळाला पाणी नाय गो. आजच भरून ठेव."

आई ओटीवरून ऐकायची आणि पाणी भरायची. आईला काही विचारायचं असलं तर ती आमच्या कोंबडीला विचारायची. असं महिनाभर चाललं. कोणाची लेक माहेरी आली, कोणाचा पोरगा मुंबईहून काम सोडून आला, सगळं शेळी-कोंबडीच्या तोंडून.

मग कोणीतरी तात्यांच्या कानावर घातलं. तात्या येऊन काकींच्या अंगणात उभे. काकी म्हणाल्या, "मी काय माणसाशी बोल्ले नाय. शेळीशी बोल्ले."

तात्यांनी विचार केला. गावकीचा अध्यक्ष आहे, विचार करावाच लागतो. म्हणाले, "शेळी बांध तिकडं पाठी."

*

वकीलसाहेब एकदा स्वतःहून घरी आले. मला वाटलं, लाज वाटली. ते म्हणाले, बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, तक्रार करता येते, केस चांगली उभी राहील. पण आधी एक पोस्ट करू. आईचा फोटो हवा. "जरा रडतानाचा मिळाला तर परिणाम होतो."

आई म्हणाली, "रडत नाय मी. भाकरी थापतानाचा चालंल काय?"

मग आईनेच विचारलं, "तक्रार केली तर काय व्हईल?"

"पोलीस गावात येतील. गावकीला समज देतील."

"आन् पालखी?"

"पालखी काय, बंदोबस्तात आणता येईल."

"मंजी देवी पोलिसाच्या मागनं येल? बळंच?" आई म्हणाली. "मला नको तशी. च्या घ्या."

वकिलांनी चहा घेतला आणि गेले. पुढच्या आठवड्यात त्यांची पोस्ट माझ्याकडे आली: 'अंधश्रद्धेचे बळी स्वतःच कायदा नाकारतात तेव्हा.' चिकित्सकांचा नंबर होता. टाकली. माझ्या आईवरची पोस्ट मीच टाकली. नियम म्हणजे नियम.

*

त्यावर श्रद्धावान पेटले, चिकित्सक पेटले. गुरुजींनी तोडगा काढला. ग्रुपवर पोल घेतला, मत देणाऱ्यांची नावं न दिसणारा. 'गावकीचा बहिष्कार: योग्य की अयोग्य?' दोन दिवस लोक अंगठे दाबत होते. मुंबईतल्या आमच्याच गावच्या लोकांनीही मत दिलं, कळलं नाही कुठल्या बाजूला.

बरोबर निम्मी-निम्मी मतं पडली.

गुरुजींचा फोन आला, आवाज भरून आलेला. "बघ. यालाच म्हणतात प्रगल्भ समाज."

मी घरी जाऊन आईला पोल दाखवला. तिला वाचता येत नाही, पण दोन हिरव्या पट्ट्या सारख्या लांबीच्या आहेत हे तिला दिसलं.

"मंजी आर्धी लोकं आपल्या बाजूनं हायत?"

"हो."

"मंग ती बोलत का नायत?"

*

शिमगा आला. बहीण पोराला घेऊन माहेरी आली. आईने अंगण सारवलं, रांगोळी काढली, ताटात खण, नारळ, तांदूळ. मी म्हटलं, "आई, ती येणार नाय. तात्याने सांगून ठेवलंय, सरळ पुढे न्यायची."

"तात्यानं सांगलं असंल. मी नवस तात्याला बोल्ले नाय."

दुपार कलल्यावर ढोल वरच्या आळीतून खाली आला. पुढे काठी घेऊन तात्या, मागे पालखी, तिच्या मागे गाव. आमच्या घरासमोर तात्या म्हणाले, "सरळ चला."

पालखी डुलायला लागली. देवीला पुढे जायचं नसलं की आमच्याकडे पालखी जड होते म्हणतात, तशी. खांदेकऱ्यांचे पाय जागच्या जागी.

"तात्या, जड झाली."

"पुढं घ्या."

"येत नाय पुढं."

आणि ती वळली आणि आमच्या अंगणात आली. आली की पोरांनी आणली, मी पाच हातांवर उभा होतो, मला सांगता येणार नाही. खांदेकऱ्यांतला एक माझ्या शाळेतला. तो सगळा वेळ जमिनीकडे बघत होता.

आईने ओटी भरली. पोराला देवीच्या पायावर घातलं. गावातल्या बायका रस्त्यावरच उभ्या राहिल्या, एकही आत आली नाही. आईने तिथूनच हाक मारली, "भावजी, या की. देवी आलीय."

तात्या काठीवर हात ठेवून म्हणाले, "देवी आली ती तिची मर्जी. गावकीची मर्जी अजून नाय."

पालखी पुढे गेली नाही तोच गुरुजींचा फोन. कोणीतरी त्यांना व्हिडिओ पाठवलेला. "देवी स्वतः गेली, हे श्रद्धावानांचं. पोरांनी ओढली, हे चिकित्सकांचं. दोन्ही घेऊ. तू समोर होतास ना? तू कुठल्या बाजूचा?"

मी फोन कापला आणि पालखीच्या मागे देवळापर्यंत गेलो. तिथे तात्यांनी दारातच पालखी थांबवली. वाळीतल्या घरी गेलेली देवी तशीच आत कशी घ्यायची? गोमूत्र मागवलं. देवीवर शिंपडलं. पालखीचे दांडे धुतले. मग आत घेतली. सगळा गाव बघत होता, त्यात पोलवर 'अयोग्य'ला मत देणारेही असणार.

प्रशांतला फोन केला. तो म्हणाला, "आमची माणसं पाणी प्यायली म्हणून आमच्या महाडात तळं धुतलेलं."

घरी आलो. आई ताटातले उरलेले तांदूळ डब्यात भरत होती. सांगावं की नको, कळेना. शेवटी सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"धू दे रे," ती म्हणाली. "तिला पण कळू दे, कसं वाटतं ते."